मुलांच्या एक्झिमासाठी प्रोबायोटिक: द्यायचंच ठरलं असेल तर

निकाल आधीच सांगून टाकू. एक्झिमा, म्हणजे त्वचेवर खाजरे चट्टे उठण्याचा आजार, झालेल्या मुलाला प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंची पुडी किंवा थेंब, दिल्यानं पडणारा फरक सरासरीत फार थोडा आहे. कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये ३९ चाचण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत मिळून २५९९ रुग्ण होते. रुग्णांनी किंवा त्यांच्या पालकांनी स्वतः सांगितलेल्या खाजेत आणि झोपमोडीत जवळजवळ काहीच फरक निघाला नाही. डॉक्टर त्वचा तपासून जे १०३ पैकी गुण देतात, ज्याला स्कोराड म्हणतात, त्यात प्रोबायोटिकच्या बाजूनं सुमारे ४ गुणांची घट दिसली. पण मुलाला बरं वाटतंय असं म्हणता यावं, यासाठी तेच गुण जवळपास ९ नं उतरावे लागतात.

तरीही पालक ते देतातच. दुकानात सहज मिळतं, ‘नैसर्गिक’ म्हणून भीती वाटत नाही, आणि एरवी निरोगी असलेल्या मुलाला त्यातून सहसा अपायही होत नाही. त्यामुळे ‘देऊ नका’ एवढं सांगून काम भागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक घरांत ते अशा तऱ्हेनं दिलं जातं की तीन महिन्यांनी उपयोग झाला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग ‘असू दे, चालू ठेवू’ म्हणून वर्षभर पुड्या आणल्या जातात. खालच्या पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत.

पायरी १: चट्टा एक्झिमाचाच आहे ना?

तान्ह्या बाळात एक्झिमा बहुधा गालांवर, कपाळावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. लंगोटाची जागा सहसा मोकळी राहते. दोन वर्षांनंतर तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत, मनगटावर, मानेवर सरकतो. खाज असायलाच हवी. खाज नसेल तर निदानाबद्दल शंका घ्या. गोल कडा उठलेला आणि मध्ये साफ होत जाणारा चट्टा गजकर्णाचा असू शकतो. घरातल्या इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरजेचा विचार आधी करावा लागतो. या दोन्हींना प्रोबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही, आणि गजकर्णावर नुसतं स्टेरॉइड मलम लावलं तर ते पसरतं. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

चट्ट्यांवर पिवळी खपली धरली असेल, पाणी सुटत असेल, तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आणि ताप असताना एकसारख्या लहान, टाचणीनं टोचल्यासारखा खळगा पडलेल्या फोडांचा पुंजका दिसला, मूल मलूल वाटलं, तर हर्पिसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो, तेव्हा थेट दवाखाना गाठा.

पायरी २: कोणत्या मुलाला देऊच नये

वेळेआधी जन्मलेलं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं किंवा ती दाबणारी औषधं घेणारं मूल, मोठ्या रक्तवाहिनीत कायमची नळी बसवलेलं मूल, आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेलं किंवा गंभीर आजारी असलेलं मूल. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. काहींत बोलार्डी नावाचं यीस्टही असतं. अशा मुलांमध्ये ते क्वचित रक्तात शिरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२३ मध्ये वेळेआधी जन्मलेल्या बाळांबाबत नेमका हाच इशारा दिला.

दुसरी खबरदारी गाईच्या दुधाच्या ॲलर्जीची. हे जिवाणू पुष्कळदा दुधावर आधारलेल्या माध्यमात वाढवतात, आणि तयार पुडीत दुधातल्या प्रथिनांचे अंश राहू शकतात. लहानपणी जोराचा एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये ही ॲलर्जी इतरांपेक्षा जास्त आढळते, म्हणजे ज्यांना हे द्यायचा मोह होतो त्यांनाच धोकाही अधिक. वेष्टनावर ‘दूध’ किंवा ‘दुधाचे अंश असू शकतात’ असं लिहिलंय का, ते आधी वाचा. ‘लॅक्टोज नाही’ म्हणजे दुधाची प्रथिनं नाहीत असा अर्थ होत नाही. लॅक्टोज ही साखर आहे, ॲलर्जी होते ती प्रथिनांची.

पायरी ३: आधी मलमाचं गणित नीट करा

ही पायरी सगळ्यांत लांब आहे, कारण फरक पडतो तो इथेच.

एक्झिमात त्वचेची भिंत कच्ची असते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवतं. ते बनवणाऱ्या जनुकातला दोष आणि एक्झिमा यांचा संबंध २००६ मध्ये उघड झाला. भिंत कच्ची असली की ओलावा बाहेर जातो, त्रासदायक गोष्टी आत शिरतात आणि दाह पेटतो. आतड्यातल्या जिवाणूंचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो हे खरं असलं, तरी तोंडावाटे दिलेल्या पुडीनं ही भिंत लिंपली जात नाही. त्यासाठी बाहेरूनच काम करावं लागतं.

अंघोळ कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं. साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचं क्लेन्झर. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर लावायचं. केस ज्या दिशेनं उगवतात त्या दिशेनं हात फिरवा. उलट चोळलं तर केसांची मुळं बुजून पुरळ येतं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढून घ्या, नाहीतर डबाच जंतूंचं घर होतो. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत आणि चादरीत मुरतं आणि असं कापड चटकन पेट घेतं, म्हणून विस्तवापासून लांब.

मात्रा किती? ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर धरलं आहे. हा आकडा पाहून बहुतेकांचे डोळे विस्फारतात. १०० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर अंगभर कोरडेपणा असलेल्या मुलाचा उपचार कागदावरच चालू आहे असं समजा. कोणतं मॉइश्चरायझर, यावर फार डोकं खाजवू नका. लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत परिणामकारकतेत ठळक फरक निघाला नाही. मूल जे न रडता लावून घेईल ते चांगलं.

दाह झालेल्या लालसर, किंवा सावळ्या त्वचेवर जांभळट-करड्या दिसणाऱ्या, जागी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मलम लागतं. ते मोजायला बोटाचं पेर वापरतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला, बोटांसकट, पुरतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत चट्ट्यांनी भरला असेल तर दोन पेरं, एक पाय पावलासकट असेल तर तीन. एक-दोन वर्षांच्या बाळाला हातासाठी दीड आणि पायासाठी दोन. घाबरून मटाराएवढा ठिपका सगळ्या पायावर पसरला की दाह विझत नाही, धुमसत राहतो, आणि उलट मलम जास्त दिवस लावावं लागतं. किती तीव्रतेचं आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. चेहऱ्यासाठी आणि लवणींसाठी ते सौम्य देतात. स्टेरॉइड आणि मॉइश्चरायझर एकापाठोपाठ लगेच लावू नका, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या.

एवढं चार आठवडे नीट केल्यावर पुष्कळ मुलांच्या बाबतीत प्रोबायोटिकचा विषयच मागे पडतो. फिनलंडमधली एक चाचणी इथे पाहण्यासारखी आहे. दुधाच्या ॲलर्जीचा संशय असलेली, एक्झिमा झालेली २३० तान्ही बाळं घेतली. एका गटाला एक जिवाणू दिला, दुसऱ्याला चार जिवाणूंचं मिश्रण, तिसऱ्याला नुसती बिनऔषधी कॅप्सूल. त्वचेचे उपचार आणि दूध वर्ज्य असलेला आहार मात्र सगळ्यांना. एक्झिमाचे गुण एकूण ६५ टक्क्यांनी उतरले, आणि गटागटांत फरक नव्हता. या बाळांपैकी एखाद्याच्या घरी विचारलं असतं, तर श्रेय कॅप्सूललाच मिळालं असतं.

पायरी ४: सुरू करण्याआधी दोन आठवडे मोजा

एक्झिमा आपोआप चढतो आणि उतरतो. पालक नवा उपाय शोधतात तो चट्टे सगळ्यांत वाईट असताना. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी थोडा उतार येतोच. म्हणून ‘दहा दिवसांत फरक पडला’ या वाक्याला अर्थ नाही. आकडे हवेत.

पोएम नावाची प्रश्नावली यासाठी उत्तम. दर रविवारी रात्री, गेल्या सात दिवसांबद्दल सात प्रश्न: खाज किती दिवस होती, झोपमोड किती रात्री झाली, रक्त किती दिवस आलं, पाणी किती दिवस सुटलं, त्वचेला भेगा किती दिवस होत्या, पापुद्रे किती दिवस निघाले, त्वचा कोरडी किंवा खरखरीत किती दिवस होती. एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज असेल तर ४.

समजा खाज पाच दिवस (३), झोपमोड दोन रात्री (१), रक्त एक दिवस (१), पाणी नाही (०), भेगा तीन दिवस (२), पापुद्रे चार दिवस (२), कोरडेपणा रोज (४). बेरीज १३. एकूण २८ पैकी ० ते २ म्हणजे त्वचा साफ, ३ ते ७ सौम्य, ८ ते १६ मध्यम, १७ ते २४ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. आठवड्या-आठवड्यात एक-दोन गुण इकडेतिकडे होणारच, त्यावरून काही ठरवू नका. तीन-चार गुणांचा टिकणारा उतार दिसला तर तो खरा बदल मानतात.

सोबत एकाच चट्ट्याचा फोटो घ्या, दर वेळी त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून. स्टेरॉइड मलमाची ट्यूब किती दिवसांत संपली, हेही लिहून ठेवा. गुण तेच राहिले पण मलम निम्मं लागलं, तर तीही सुधारणाच. हा रकाना बहुतेक जण विसरतात.

पायरी ५: वेष्टन वाचा

जिवाणूचं नाव तीन भागांत असतं: प्रजातीचं कुळ, प्रजाती आणि वाण. उदाहरणार्थ लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. शेवटचा भाग, म्हणजे वाण, सगळ्यांत महत्त्वाचा. न्यूझीलंडमध्ये एक्झिमा टाळता येतो का हे पाहताना दोन वाण तपासले: एचएन००१ दिलेल्या बाळांमध्ये दोन वर्षांपर्यंत एक्झिमाचं प्रमाण जवळपास निम्मं झालं, एचएन०१९ नं काहीच केलं नाही. म्हणून वेष्टनावर वाण लिहिलेलाच नसेल, तर ती पुडी परत ठेवून द्या. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या मोठ्या कुळाची फोड झाली, त्यामुळे नव्या वेष्टनांवर लॅक्टिकेसीबॅसिलस, लिमोसिलॅक्टोबॅसिलस अशी नावं दिसतील. वाणाची खूण तीच असेल तर जिवाणूही तोच.

संख्या सीएफयूमध्ये, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या मोजमापात देतात. एक बिलियन म्हणजे १०० कोटी. चाचण्यांमध्ये रोज साधारण १०० कोटी ते काही हजार कोटी दिले जातात. जीजीसाठी १००० कोटी ही नेहमीची मात्रा. ‘उत्पादनाच्या वेळी इतके’ आणि ‘वापराची मुदत संपेपर्यंत इतके’ यांत फरक आहे. दुसरं लिहिलेलं घ्या, कारण डबीतले जिवाणू दिवसागणिक मरतात. दहा-बारा वाणांची खिचडी असलेली पुडी जास्त चांगली असते असं समजू नका. प्रत्येकाचा वाटा किती ते बहुधा लिहिलेलंच नसतं. इन्युलिन किंवा फ्रक्टोऑलिगोसॅकराइड, म्हणजे जिवाणूंचं खाद्य म्हणून मिसळले जाणारे तंतुमय पदार्थ, घातलेल्या पुडीनं पोटात वायू जास्त होऊ शकतो.

दही चालेल का? आहार म्हणून जरूर. पण त्यात कोणता वाण किती आहे हे माहीत नसतं, म्हणून या प्रयोगात ते मोजता येत नाही. मूल रोज दही खात असेल तर तेवढंच चालू ठेवा.

पायरी ६: देण्याची रीत

दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो खाण्याबरोबर. पुडी थंड किंवा कोमट, बोटाला गरम न लागणाऱ्या पदार्थात मिसळा आणि लगेच द्या. गरम दुधात घातली तर जिवाणू मरतात. पूर्ण बाटलीत मिसळू नका; बाळानं अर्धी सोडली की मात्रा अर्धीच जाते. आधी एक-दोन चमच्यांत कालवून द्यावी, मग बाकीचं. लहान मुलाला अख्खी कॅप्सूल कधीच देऊ नका, उघडून आतली पूड वापरा. तेलातले थेंब असतील तर बाटली नीट हलवा, जिवाणू तळाशी बसतात.

फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर ठेवाच. या पुडीला सगळ्यांत जास्त घात करतो तो ओलावा: ओल्या चमच्यानं काढणं, डबीतली ओल शोषणारी छोटी पिशवी फेकून देणं, झाकण उघडं राहणं. प्रतिजैविक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं, आणि ते आठवडे हिशोबातून वगळा.

पहिले काही दिवस पोट फुगणं, वायू किंवा शी थोडी पातळ होणं चालतं. पण दिल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला किंवा मूल गळून गेलं तर तातडीची मदत मागवा.

पायरी ७: बारा आठवडे, आणि मग थांबवून पाहा

या काळात दुसरं काहीही नवं सुरू करू नका. नवा साबण नाही, नवं मॉइश्चरायझर नाही, आणि स्वतःच्या मनानं दूध-अंडी बंद करणं तर मुळीच नाही. त्यानं प्रयोग बिघडतोच, शिवाय मुलाचं पोषण घसरतं, आणि जो पदार्थ पचत होता त्याचीच ॲलर्जी पुढे उद्भवू शकते. सगळ्यांत नेहमीची चूक मात्र याच्या उलट असते: पुडी सुरू झाली म्हणून मलम लावण्यात ढिलाई येते. मग एक्झिमा चढतो आणि पुडी ‘लागू पडली नाही’ असं ठरतं, किंवा ‘आधी सगळं बाहेर पडतंय’ अशी समजूत करून घेतली जाते. एक्झिमा बाहेर पडून बरा होतो, याला काही आधार नाही.

बारा आठवड्यांनी शेवटच्या तीन रविवारांची सरासरी काढा आणि सुरुवातीच्या दोन रविवारांच्या सरासरीशी ताडून पाहा. उतार तीन गुणांहून कमी आणि मलमही तेवढंच लागतंय? बंद करा. दुसऱ्या वाणाच्या मागे लागू नका. पैसे मॉइश्चरायझरवर खर्च करा. उतार चांगला असेल, तर चार आठवडे पुडी थांबवा, बाकी सगळं तसंच ठेवा, मोजणी चालू. गुण खालीच राहिले तर काम मलमानं, ऋतूनं किंवा वाढत्या वयानं केलं होतं. पुन्हा वर गेले आणि पुडी सुरू केल्यावर परत उतरले, तर तुमच्या मुलापुरता तिचा उपयोग आहे असं मानायला जागा आहे. तरी दर सहा महिन्यांनी असंच थांबवून पाहा.

गुण १७ च्या वर अडकून बसले असतील, तर बारा आठवडे वाटही पाहू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे आज यापेक्षा कितीतरी परिणामकारक उपचार आहेत.

पुढच्या बाळासाठी

झालेला एक्झिमा बरा करणं आणि होऊ घातलेला टाळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जाहिराती ते मुद्दाम एकत्र करतात. टाळण्याच्या बाजूनं पुरावा थोडा बरा आहे, पण एकमुखी नाही. फिनलंडमध्ये २००१ च्या चाचणीत बाळंतपणाआधी काही आठवडे आईला आणि नंतर सहा महिने आईला किंवा बाळाला जीजी दिलं, तेव्हा दोन वर्षांच्या वयात एक्झिमा २३ टक्क्यांना झाला. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यात ४६ टक्क्यांना. २००८ मध्ये जर्मनीत तोच वाण वापरून जवळपास तशीच चाचणी झाली, आणि दोन्ही गटांत आकडा २८ टक्क्यांच्या आसपासच राहिला. जागतिक ॲलर्जी संघटनेनं २०१५ मध्ये, ज्या घरात ॲलर्जीचा धोका जास्त आहे तिथे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं प्रोबायोटिक घ्यायला हरकत नाही असं सुचवलं, पण पुरावा अतिशय कमी दर्जाचा आहे हेही त्याच शिफारशीत लिहिलं. घ्यायचं असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून, वाण पाहून.